इंजेक्शनच्या आधी चालू गोळ्यांची झाडाझडती

प्रश्न थोडक्यात असा: वय ४४, उंची १५८ सेंमी, वजन ९८ किलो. शुगरसाठी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड, बीपीसाठी अ‍ॅटेनोलॉल, सकाळी थायरॉक्सिन, अ‍ॅसिडिटीसाठी पॅन्टोप्राझोल, अर्धशिशीसाठी रात्री अ‍ॅमिट्रिप्टिलीन, गुडघे दुखले की डायक्लोफेनॅक. स्वतःहून सुरू केलेलं: मल्टिव्हिटॅमिन, कॅल्शियम, व्हिटॅमिन डी, केसांसाठी बायोटिन, ग्रीन टी अर्काच्या कॅप्सूल आणि ऑनलाइन मागवलेली 'शंभर टक्के नैसर्गिक' चरबी घटवणारी गोळी. या गोळीने महिन्यात चार किलो उतरले, भूक मेली, पण छातीत धडधडतं आणि रात्री झोप लागत नाही. डॉक्टरांनी शुगर आणि वजन उतरवणारं सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन सुचवलंय. सप्लिमेंट्सचं त्यांना सांगितलेलं नाही. इंजेक्शन घ्यावं का, त्याबरोबर बाकीचं चालेल का, आणि दोन महिन्यांनी हर्नियाचं ऑपरेशन आहे त्याचं काय?

उत्तर:

ती 'नैसर्गिक' गोळी आजच बंद करा. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

वनस्पतीच्या कुठल्याही अर्काने महिन्यात चार किलो उतरत नाहीत. भूक एकदम मरणं, धडधड, झोप उडणं, तोंड कोरडं पडणं हे सगळं एकत्र दिसलं की माझ्या डोक्यात पहिलं नाव येतं ते सिब्युट्रामीनचं. हे वजन घटवण्याचं रीतसर औषध होतं. हृदयविकाराची पार्श्वभूमी असलेल्यांमध्ये त्याने हार्ट अटॅक आणि पक्षाघाताचं प्रमाण वाढतं असं मोठ्या चाचणीत दिसलं आणि २०१० मध्ये ते युरोप-अमेरिकेतून मागे घेण्यात आलं. पण ते संपलं नाही. हर्बल म्हणून विकल्या जाणाऱ्या स्लिमिंग गोळ्यांमध्ये ते आजही सापडतं. कधी त्याच्या जोडीला फिनॉल्फ्थॅलीन हे जुनं जुलाबाचं औषध असतं, कधी लघवी वाढवणारं औषध, कधी नैराश्यावरचं फ्लुऑक्सेटिन. लेबलवर यातलं काहीही छापलेलं नसतं. तुमच्या गोळीत ते असेलच असं मी म्हणत नाही, ते प्रयोगशाळेतच कळेल. पण तुम्ही अ‍ॅटेनोलॉल घेताय, म्हणजे नाडी मंद ठेवणारं औषध पोटात असताना धडधड जाणवतेय, हे मला आवडलेलं नाही. त्यात अ‍ॅमिट्रिप्टिलीनही आहे. सिब्युट्रामीन बाजारात होतं तेव्हाही या नैराश्यविरोधी गटातल्या औषधांबरोबर ते देत नसत, कारण दोघं मिळून मेंदूतलं सेरोटोनिन हे रसायन धोकादायक पातळीला नेऊ शकतात.

डबी फेकू नका. ती डॉक्टरांना दाखवा, ईसीजी आणि लिव्हरची तपासणी करून घ्या. छातीत दुखलं, चक्कर येऊन पडलात किंवा तापाबरोबर अंग थरथरायला लागलं तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता थेट इमर्जन्सीत जा.

वजन घटवणाऱ्या औषधांचा इतिहास तसा फारसा भूषणावह नाही. १९३० च्या दशकात डायनायट्रोफिनॉल नावाचं रसायन लोक वजनासाठी घेत होते. शरीर आतून तापून माणसं दगावली. फेनफ्लुरामीन १९९७ मध्ये गेलं, हृदयाच्या झडपा खराब होतात म्हणून. रिमोनाबंट २००८ मध्ये, नैराश्य आणि आत्महत्येच्या विचारांमुळे. लोरकॅसेरिन २०२० मध्ये, कर्करोगाच्या शंकेने. शेवटची तिन्ही चाचण्या पार करून आलेली औषधं होती, आणि ती पकडली गेली ती पुढेही कोणीतरी नोंद ठेवत होतं म्हणून. ऑनलाइन डबीची नोंद कोण ठेवतंय?

ग्रीन टीच्या कॅप्सूलही बंद करा. चहा म्हणून पिता तो प्रश्नच वेगळा. कॅप्सूलमध्ये त्यातलं ईजीसीजी नावाचं द्रव्य एकवटलेलं असतं. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये स्पष्ट म्हटलं की सप्लिमेंटमधून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त ईजीसीजी गेलं तर लिव्हरची एन्झाइम्स वाढलेली दिसतात. उपाशीपोटी घेतलं तर ते रक्तात आणखी जास्त उतरतं, आणि वजनासाठी घेणारे ते नेमकं उपाशीपोटीच घेतात. काही जणांची जनुकीय ठेवणच अशी असते की त्यांचं लिव्हर याने बिघडतं. जोरकस कर्क्युमिनच्या गोळ्यांबाबतही, विशेषतः त्यात मिऱ्याचा अर्क मिसळलेला असेल तर, असंच आढळलंय. लठ्ठपणात लिव्हरवर बहुतेकदा आधीच चरबी साठलेली असते, म्हणून मी इथे जरा जास्त कडक असतो. लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, अंगाला विनाकारण खाज सुटली, तर लगेच तपासणी.

आणि हे सगळं सोसून हाती काय येतं? गार्सिनिया या फळाच्या अर्काची १९९८ मध्ये आत काहीच औषध नसलेल्या गोळीशी तुलना करून चाचणी झाली, फरक पडला नाही. क्रोमियम, सीएलए (एक प्रकारचं स्निग्धाम्ल) यांचा परिणाम मोजायला बारीक वजनकाटा लागेल इतका. ग्लुकोमॅननसारख्या तंतूंनी पोट भरल्यासारखं वाटतं, एवढं खरं, पण ते भरपूर पाण्याबरोबर घ्यावं लागतं, नाहीतर घशात अडकतं, आणि आजूबाजूला घेतलेल्या गोळ्यांचं शोषणही कमी होतं.

आता महत्त्वाचा भाग. तुम्ही विचारलंय की यादीत इंजेक्शनची भर घालावी का. मला त्याआधी यादीतून काय निघेल हे पाहायचंय. कारण तुमच्या डॉक्टरी गोळ्यांपैकी तीन वजन वाढवणाऱ्या आहेत.

पहिली ग्लिमेपिराइड. ती स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते, रक्तात साखर असो वा नसो. जेवण लांबलं की शुगर उतरते, मग माणूस दिसेल ते गोड तोंडात टाकतो, आणि हे आठवड्यातून काही वेळा झालं तरी काट्यावर दिसतं. पेशंट म्हणतात, मला खाण्याचा मोहच आवरत नाही. बऱ्याचदा तो मोह गोळीचा असतो. ग्लिमेपिराइडवर असताना सेमाग्लुटाइड सुरू केलं तर भूक कमी, खाणं कमी, पण ग्लिमेपिराइडचा रेटा तसाच, म्हणून शुगर लो होण्याचा धोका वाढतो. साधारणपणे इंजेक्शन सुरू करतानाच तिचा डोस कमी करतात किंवा ती बंदच करतात. हा निर्णय इंजेक्शनच्या पहिल्या दिवशी झालेला असला पाहिजे, नंतर नाही.

दुसरी अ‍ॅटेनोलॉल. बीटा-ब्लॉकर या तिच्या गटातल्या जुन्या औषधांनी वजन थोडं वाढतं, सरासरी एखाद-दोन किलो. तेवढ्यासाठी मी तिच्यामागे लागलो नसतो. पण शुगर उतरली की हात थरथरतात, छाती धडधडते, या खुणा अ‍ॅटेनोलॉल झाकून टाकतं. घाम मात्र झाकत नाही. म्हणून सध्या एवढं लक्षात ठेवा: विनाकारण थंड घाम फुटला तर आधी शुगर तपासा. मधुमेहाबरोबर बीपी असलेल्यांना सहसा दुसऱ्या गटातली औषधं आधी देतात. तुम्हाला अ‍ॅटेनोलॉल मुद्दाम दिलंय (हृदयासाठी, किंवा बीपीबरोबर अर्धशिशीलाही आळा बसावा म्हणून) की वर्षानुवर्षं तेच चालत आलंय, हे विचारा. पण स्वतःहून एकदम थांबवू नका. नाडी आणि बीपी उसळतं.

तिसरी अ‍ॅमिट्रिप्टिलीन. झोपेला बरी, डोकेदुखीला बरी, पण भूक वाढवते, त्यातही गोडाची. अर्धशिशीसाठी टोपिरामेटसारखा पर्याय आहे, ज्याने वजन उलट उतरतं. तो सगळ्यांना जमत नाही: मुतखडा झालेला असेल तर नको, आणि गर्भाला धोका असल्याने गर्भधारणेची शक्यता असेल तर खात्रीचं गर्भनिरोधन लागतं. तरी चर्चा करण्याजोगा आहे.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी थोडं विषयांतर. इन्शुलिन, पायोग्लिटाझोन, प्रेडनिसोलोन, प्रीगाबालिन, व्हॅल्प्रोएट, मिर्टाझापिन, ओलान्झापिन, क्लोझापिन ही सगळी वजन वाढवणारी औषधं. त्यातली मनोविकारांची आणि फिट्सची औषधं वजनाच्या भीतीने सोडली तर वजनापेक्षा मोठं संकट ओढवतं. तिथे औषध बदलता येतं का, किंवा ओलान्झापिनबरोबर मेटफॉर्मिन देऊन वाढ आटोक्यात ठेवता येते का, हे त्या त्या डॉक्टरांना विचारायचं असतं. बहुतेक पेशंट विचारत नाहीत. आधीच लठ्ठ म्हणून बोलणी खाल्लेला माणूस 'गोळीने वजन वाढलं का' असं विचारायला संकोचतो, समोरच्याला ती सबब वाटेल म्हणून. ती सबब नाही.

तुमच्या यादीत आणखी एक साखळी दिसते. गुडघ्यांसाठी डायक्लोफेनॅक. त्याने पोटात जळजळ, म्हणून पॅन्टोप्राझोल. डायक्लोफेनॅकने बीपीही वाढतं, म्हणून बीपीच्या गोळीचा डोस वाढतो. पॅन्टोप्राझोल आणि मेटफॉर्मिन दोन्ही दीर्घकाळ घेतल्यावर बी१२ कमी होतं, पायाला मुंग्या येतात, त्या मधुमेहाच्या खात्यावर टाकल्या जातात आणि आणखी एक गोळी येते. तिला बहुधा प्रीगाबालिन म्हणतात, आणि तिने वजन वाढतं. वजन वाढलं की गुडघे आणखी दुखतात. अ‍ॅसिडिटी पोटाच्या घेरामुळेही असू शकते, तेव्हा सगळा दोष डायक्लोफेनॅकला देत नाही. पण गुडघ्याला लावायचं जेल आणि मांड्यांचे व्यायाम यांवर काही आठवडे काढून बघा. इंजेक्शन सुरू झाल्यावर उलट्या-जुलाब होऊन अंगातलं पाणी कमी झालं तर ही पोटात घ्यायची वेदनाशामक गोळी किडनीला झटका देऊ शकते. त्या दिवशी ती अजिबात नको. खाणंपिणं बंदच असेल तर मेटफॉर्मिनही थांबवायची का, ते फोन करून विचारा.

आता सप्लिमेंट्स. लठ्ठपणात खाणं जास्त असूनही काही घटक खरोखर कमी असतात, म्हणून सरसकट 'सगळं बंद' असं मी म्हणणार नाही. व्हिटॅमिन डी चरबीत विरघळतं आणि मोठ्या शरीरात पसरून जातं, रक्तात कमी दिसतं. कमतरता भरून काढायला अशा व्यक्तीला इतरांच्या दोन-तीन पट डोस लागू शकतो. पण तपासणी करून आणि ठरलेल्या मुदतीपुरताच. आठवड्यातून एकदा घ्यायची जोरकस गोळी कोणी रोज घेतं, मग रक्तात कॅल्शियम वाढतं, मळमळ, बद्धकोष्ठ, गळून जाणं सुरू होतं. सेमाग्लुटाइडचे त्रासही अगदी असेच, त्यामुळे चोर सापडायला वेळ लागतो. तुमच्या मल्टिव्हिटॅमिनमध्ये डी आहे का, कॅल्शियमच्या गोळीत आहे का, तिन्ही लेबलं शेजारी ठेवून बेरीज करा.

बी१२ तपासा. लोहही. लठ्ठपणात शरीरात मंद दाह सतत चालू असतो, त्याने हेप्सिडिन हे लोह अडवणारं संप्रेरक वाढतं आणि आतड्यातून लोह आत शिरत नाही. गंमत म्हणजे त्याच दाहाने फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) वाढलेलं दिसतं, त्यामुळे 'फेरिटिन नॉर्मल आहे' एवढ्यावर विषय संपत नाही; ट्रान्सफेरिन सॅच्युरेशनही, म्हणजे रक्तात लोह वाहून नेणारं प्रथिन किती भरलेलं आहे तेही, पाहावं लागतं. पाळीला रक्तस्राव जास्त असेल तर नक्कीच.

बायोटिनबद्दल मात्र सविस्तर सांगतो, कारण तुम्ही थायरॉइडच्या पेशंट आहात. शरीराची रोजची गरज साधारण ३० मायक्रोग्रॅम. केसांसाठीच्या गोळ्यांत ५ किंवा १० मिलिग्रॅम असतं, म्हणजे शेकडो पट. ते विषारी नाही, पण अनेक प्रयोगशाळांच्या तपासणीची रीतच बायोटिनवर आधारलेली असते आणि रक्तातलं जास्तीचं बायोटिन त्यात गोंधळ घालतं: टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक) खोटं कमी आणि टी४ (थायरॉइडचं स्वतःचं संप्रेरक) खोटं जास्त दिसतं. रिपोर्ट पाहून वाटतं थायरॉक्सिन जास्त झालंय, डोस कमी केला जातो, प्रत्यक्षात तो बरोबर होता. मग थकवा येतो, वजन वाढतं. हार्ट अटॅकसाठी करतात ती ट्रोपोनिनची तपासणीही याने खोटी कमी येऊ शकते. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. रक्त देण्याआधी निदान दोन दिवस बायोटिन बंद ठेवा आणि लॅबला सांगा. खरं म्हणजे ते सोडूनच द्या. वजन भराभर उतरलं की दोन-तीन महिन्यांनी केस गळतात, ते बायोटिनच्या कमतरतेने नसतं आणि बहुतेकदा आपोआप सावरतं. प्रथिनं आणि लोह पुरेसं आहे ना, हे पाहणं जास्त कामाचं.

थायरॉक्सिनची वेळही तपासा. उपाशीपोटी, पाण्याबरोबर, आणि कॅल्शियम, लोह, मल्टिव्हिटॅमिन यांच्यापासून चार तास दूर. पेशंटला मी घरातलं सगळं एका पिशवीत घालून आणायला सांगतो. टेबलावर पिशवी रिकामी झाली की कापलेल्या स्ट्रिप्स निघतात, नावाचा आणि तारखेचा भाग नेमका गेलेला, आणि थायरॉइडची डबी कॅल्शियमच्या डबीला रबराने बांधलेली, 'सकाळच्या गोळ्या' म्हणून. वर्षभर टीएसएच का हलत नाही याचं उत्तर त्या रबरात असतं.

मग इंजेक्शन? वरची साफसफाई झाल्यावर, हो, माझ्या मते घ्यावं. तुमचा बीएमआय ३९ च्या आसपास आहे, जोडीला मधुमेह आणि बीपी. तुम्ही त्याच्या निकषांत स्पष्ट बसता. फक्त अपेक्षा नीट ठेवा. जाहिरातीत दिसणारा १५ टक्क्यांचा आकडा मधुमेह नसलेल्यांवरच्या ६८ आठवड्यांच्या चाचणीतला आहे. मधुमेह असलेल्यांमध्ये तो १० टक्क्यांच्या आसपास राहिला. म्हणजे तुमच्या बाबतीत नऊ-दहा किलो, सव्वा वर्षात. ते कमी नाही. शुगर, बीपी, गुडघे तिघांनाही तेवढं कळतं. आणि बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्यापैकी सुमारे दोन तृतीयांश वजन परत आल्याचं दिसलंय, तेव्हा लग्नसमारंभापुरतं घ्यायचं हे औषध नव्हे.

सुरुवात आठवड्याला ०.२५ मिलिग्रॅमने होते आणि दर चार आठवड्यांनी एक पायरी, वजनासाठीच्या २.४ मिलिग्रॅमवर पोचायला चार महिने जातात. मळमळ होत असेल तर पायरी लांबवा, घाई करू नका. कुटुंबात मेड्युलरी प्रकारचा थायरॉइड कर्करोग झालेला असेल तर हे औषध नको. तुमचा साधा हायपोथायरॉइडिझम आड येत नाही. स्वादुपिंडाला पूर्वी सूज आली असेल तर ते सांगा. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी आधी करा, शुगर झपाट्याने खाली आली की मधुमेहाने बिघडलेला पडदा काही काळ आणखी बिघडू शकतो. पोटात असह्य, पाठीपर्यंत जाणारी कळ आली तर पुढचा डोस न घेता दवाखाना गाठा. ४४ व्या वर्षीही गर्भ राहू शकतो, वजन उतरल्यावर शक्यता वाढते. मूल हवं असेल तर किमान दोन महिने आधी सेमाग्लुटाइड थांबवावं लागतं. आणि पेन खात्रीच्या औषधाच्या दुकानातूनच घ्या. जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२४ मध्ये बनावट सेमाग्लुटाइडबद्दल इशारा दिलाय.

याबरोबर मल्टिव्हिटॅमिन चालेल, गरज असेल तर बी१२ आणि डी चालेल. प्रथिनांची पावडर किडनी ठीक असेल तर चालेल, पण ताकदीचा व्यायाम नसेल तर स्नायूही घटतात. उलट्या आठवडाभर थांबत नसतील तर डॉक्टरांना थायमिनची, म्हणजे बी१ ची आठवण करून द्या. वजन उतरू लागलं की घरी बीपी मोजा. उठताना अंधारी येणं म्हणजे बीपीचा डोस आता जास्त होतोय. थायरॉक्सिनचाही डोस पुन्हा पाहावा लागेल.

राहिला हर्निया. सेमाग्लुटाइडने जठर सावकाश रिकामं होतं. ठरलेले तास उपाशी राहूनही पोटात अन्न असू शकतं आणि भुलीत ते फुप्फुसात जाण्याची भीती असते. डोस वाढवण्याच्या काळात हा धोका जास्त, आणि तुमचं ऑपरेशन नेमकं त्याच काळात येतंय. हर्निया दुखत किंवा अडकत नसेल तर सर्जनला विचारा, वजन थोडं उतरेपर्यंत थांबता येईल का. अनेक सर्जनना ते स्वतःलाच हवं असतं. थांबणं शक्य नसेल तर इंजेक्शन ऑपरेशननंतर सुरू करणं मला जास्त पटतं. दरम्यान सुरू झालंच, तर शेवटचा डोस कोणत्या तारखेला घेतला ते भूलतज्ज्ञांना आधीच कळवा; ते कदाचित आदल्या दिवशी फक्त पातळ पदार्थ घ्यायला सांगतील. त्या 'नैसर्गिक' गोळीचंही सांगा, बंद केली असली तरी. अ‍ॅटेनोलॉल आणि थायरॉक्सिन त्या सकाळी घ्यायचं का ते विचारून ठेवा, बहुधा घ्या म्हणतील. आणि त्या दिवशी पोट फुगलंय किंवा मळमळतंय असं वाटलं तर तारीख पुढे जाईल म्हणून लपवू नका.